अभ्यासिकेच्या वेळापत्रकात व्यायाम कसा बसवावा

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी आठच्या सुमारास अभ्यासिकेत जागा धरायची, दुपारी मेसवर जेवून परत यायचे, संध्याकाळी अमृततुल्यात चहा घ्यायचा आणि रात्री दहा-अकरापर्यंत पुन्हा त्याच खुर्चीत बसायचे. या दिवसातले दहा ते बारा तास बसण्यात जातात. गावी असताना शेतात, मैदानात किंवा सायकलवर सहज हालचाल होत होती, ती येथे आल्यावर एकदम थांबते. मग वर्षभरात मान आखडू लागते, कंबर दुखू लागते, पित्त वाढते आणि दुपारच्या जेवणानंतर पुस्तकावर डोळे मिटू लागतात. व्यायाम करायला हवा हे अशा विद्यार्थ्याला पटवून द्यावे लागत नाही. सगळे अडते ते वेळेपाशी. म्हणून या लेखात व्यायामाचे फायदे सांगत न बसता, भरगच्च दिवसात तो कोठे आणि कसा बसवायचा एवढेच मांडले आहे. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांसाठी जेथे वेगळे सांगणे आवश्यक आहे, तेथे तसे सांगितले आहे.

आधी आपला दिवस कागदावर उतरवा

सलग तीन दिवस, प्रत्येक अर्ध्या तासात आपण प्रत्यक्षात काय केले, ते एका वहीत लिहून ठेवावे. काय करायचे ठरवले होते हे लिहू नये. या नोंदीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे रिकामा सलग तास कोठेच सापडत नाही, त्यामुळे ‘वेळ मिळाला की करू’ या बोलण्याला अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. दिवसात चार-पाच घटना अशा असतात, की अभ्यास झाला किंवा न झाला तरी त्या चुकत नाहीत : सकाळची आंघोळ, खोलीपासून अभ्यासिकेपर्यंत जाणे, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्री परत येणे. व्यायाम घड्याळातल्या वेळेला बांधण्याऐवजी या घटनांपैकी एखादीला बांधावा. ‘साडेपाच वाजता व्यायाम’ असे ठरवले आणि त्या वेळी एखादा धडा संपत आलेला असला, तर व्यायाम टळतो. ‘व्यायाम झाल्याशिवाय चहा नाही’ असे ठरवले, तर चहा सहसा टळत नाही आणि त्याच्या आधारे व्यायामही टिकतो.

पहाटे उठण्याच्या संकल्पाविषयी येथेच स्पष्ट बोलायला हवे. रात्री अकराला अभ्यासिका सोडून, जेवणाचा डबा धुऊन, मोबाइल पाहून साडेबाराला झोपणाऱ्याने पाचला उठून टेकडी गाठायचे ठरवले, तर त्याला जेमतेम साडेचार तास झोप मिळते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते आणि वाचलेले लक्षात राहण्याचे बरेचसे काम त्या झोपेतच होते. झोप तोडून केलेला व्यायाम पंधरवडाभर टिकतो, मग एके दिवशी गजर बंद होतो तो कायमचाच. ज्याला रात्री दहाला झोपणे खरोखर जमते त्याने पहाट अवश्य निवडावी. इतरांसाठी संध्याकाळी साडेपाच ते सातमधला वेळ अधिक चांगला आहे, कारण त्या वेळी डोके तसेही थकलेले असते, वाचलेले फारसे आत जात नाही आणि शरीर मात्र सकाळपेक्षा सैल झालेले असते.

किती व्यायाम पुरेसा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८ ते ६४ वयाच्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. यात व्यस्त माणसाच्या दृष्टीने महत्त्वाचा एक बदल आहे. २०१० सालच्या सूचनांमध्ये व्यायाम सलग किमान दहा मिनिटांचा असावा अशी अट होती. २०२० मध्ये ती काढून टाकण्यात आली. म्हणजे जिना चढण्याची तीन मिनिटेही आता हिशेबात धरता येतात. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना सोबत्याशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटक होऊ लागले, तर श्रम जोरकस झाले असे समजावे.

दिवसाचे दहा तास बसणाऱ्याने १५० मिनिटांवर समाधान न मानता वरच्या आकड्याकडे सरकत राहावे, असेही त्याच सूचनांचे सांगणे आहे. मात्र सुरुवात खालच्या आकड्यापासूनच करावी.

पहिले दोन आठवडे फक्त चालणे

बहुतेकांची चूक पहिल्याच दिवशी होते : जिमचे वर्षाचे पैसे भरले जातात, किंवा थेट धावायला सुरुवात होते आणि चौथ्या दिवशी पोटऱ्या इतक्या दुखतात की अभ्यासिकेचा जिना उतरणे कठीण होते. त्याऐवजी पहिले दोन आठवडे खोली, अभ्यासिका आणि मेस यांमधले अंतर चालून काटावे. अंतर एक किलोमीटर असेल, तर झपझप चालत दहा ते बारा मिनिटे लागतात. सकाळी जाणे आणि रात्री येणे मिळून सुमारे चोवीस मिनिटे झाली. सहा दिवसांचे १४४ मिनिटे होतात, म्हणजे दुचाकी खोलीवर ठेवली एवढ्यानेच आठवड्याचा किमान आकडा जवळजवळ गाठला जातो. पेठेतल्या गर्दीत दुचाकीला जागा शोधण्याचा वेळ धरला, तर वेळेचे नुकसानही फारसे होत नाही.

अभ्यासिका खोलीच्या अगदी खालीच असेल, तर मुद्दाम वळसा घ्यावा. नवी पेठेतून किंवा टिळक रस्त्याच्या बाजूने सारसबाग चालण्याच्या अंतरावर आहे आणि तेथून पुढे पर्वतीचा पायथा गाठता येतो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. दगडी पायऱ्या रुंद आणि तिरप्या असल्यामुळे चढताना दम लागतो, पण गुडघ्याला धक्का कमी बसतो. उतरताना मात्र सावकाश उतरावे, कारण गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. पहिल्या आठवड्यात एकदा चढून वर पाच मिनिटे थांबावे आणि खाली यावे. महिनाभरानंतर न थांबता दोनदा चढता आले, तर प्रगती ठीक चालली आहे. कोथरूड किंवा सेनापती बापट रस्त्याकडे राहणाऱ्यांना वेताळ टेकडी आणि हनुमान टेकडी जवळ पडते, परंतु तेथे जाऊन परत यायला तास-दीड तास सहज जातो, म्हणून टेकडी रविवारसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

चालताना चालू घडामोडींचे ध्वनिमुद्रण ऐकावे की नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ऐकायला हरकत नाही. पण दिवसातला हा एकच भाग असा आहे जेथे मेंदूला काही घ्यावे लागत नाही, तेव्हा निदान परतीच्या वाटेवर तरी कान मोकळे ठेवावेत. लक्ष्मी रस्ता किंवा टिळक रस्ता ओलांडताना तर नक्कीच.

तिसऱ्या आठवड्यापासून ताकद : कॉट बेसिसच्या खोलीत वीस मिनिटे

चालण्याने हृदय आणि फुप्फुसे सांभाळली जातात, परंतु दिवसभर वाकून बसल्यामुळे दुबळी झालेली पाठ, खांदे आणि मांड्या त्याने सुधारत नाहीत. त्यासाठी आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक, वीस मिनिटे काढावी लागतात. ज्यांना रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा मणक्याचा जुना त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि व्यायाम करताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा अवेळी धाप लागली, तर तेथेच थांबून तपासणी करून घ्यावी.

कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेक कॉट भाड्याने दिलेल्या, तीन-चार जणांच्या खोलीत एक सतरंजी पसरण्यापुरती जागाच मोकळी असते आणि सकाळी बाथरूमसाठी नंबर लागतो. हा नंबर लागण्याचा वेळच ताकदीच्या व्यायामासाठी वापरावा, म्हणजे घाम आला तरी लगेच आंघोळ होते आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. सोबत्यांची झोपमोड होऊ नये म्हणून खाली दिलेल्या क्रमात उडी मारण्याचा एकही प्रकार ठेवलेला नाही.

सुरुवात बैठकांनी करावी. तालमीतली टाच उचलून मारलेली वेगवान बैठक सराव नसलेल्या गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून टाचा जमिनीवर टेकवूनच बसावे. कॉटकडे पाठ करून उभे राहावे, कंबर मागे नेत खाली जावे आणि कॉटच्या कडेला हलका स्पर्श होताच उठावे. कॉटमुळे किती खाली जायचे हे आपोआप ठरते आणि गुडघे पुढे जात नाहीत. अशा बारा ते पंधरा बैठका कराव्यात.

मग जोर. जमिनीवर दहा जोर सरळ पाठीने मारता येत नसतील, तर हात कॉटच्या लोखंडी कडेवर ठेवून मारावेत. तेही जड जात असेल, तर भिंतीवर. कॉट मात्र आधी भिंतीला टेकवून घ्यावी, नाहीतर ती सरकते. शरीर टाचांपासून डोक्यापर्यंत एका रेषेत राहिले पाहिजे. कंबर खाली लोंबू लागली, की तेथेच थांबावे, मग आकडा कितीही असो. आठ ते बारा जोर एका फेरीला पुरेत.

तिसरा प्रकार ओढण्याचा, आणि बसून अभ्यास करणाऱ्यासाठी माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. पुस्तकांवर वाकल्यामुळे खांदे पुढे येतात. त्यांना मागे खेचणारे पाठीचे स्नायू रोज ताणलेले आणि कमजोर राहतात. महाराष्ट्रात सूर्यनमस्काराला मोठी परंपरा आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा हिरिरीने प्रसार केला आणि साधनाशिवाय, थोड्या जागेत होणारा असा सर्वांगाचा व्यायाम आजही दुसरा क्वचित सापडतो. एका नमस्काराला अर्धा मिनिट धरले, तरी बारा नमस्कार सहा मिनिटांत होतात, आणि शरीर तापवण्यासाठी ते उत्तम आहेत. तथापि नमस्कारात ढकलणे, वाकणे आणि ताणणे आहे, ओढणे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पाठीवरची सॅक घ्यावी, तिच्यात संदर्भग्रंथ भरून सहा-सात किलो वजन करावे, एक हात कॉटवर टेकवून कमरेतून पुढे वाकावे आणि दुसऱ्या हाताने सॅक जमिनीपासून बरगडीपर्यंत ओढावी. कोपर शरीरालगत राहावे आणि सॅक झटक्याने न उचलता दोन आकडे मोजत वर, तीन आकडे मोजत खाली न्यावी. प्रत्येक हाताने दहा ते बारा वेळा. राज्यव्यवस्था आणि अर्थव्यवस्थेच्या ठोकळ्यांचा एवढा तरी उपयोग दोन्ही बाजूंनी व्हावा.

त्यानंतर पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणे बारा वेळा, आणि शेवटी कोपरांवर तोलून वीस ते तीस सेकंद प्लँक. ही एक फेरी झाली. तिला साधारण पाच मिनिटे लागतात. मध्ये एक मिनिट विश्रांती घेत अशा तीन फेऱ्या केल्या, की वीस मिनिटांच्या आसपास काम संपते. आकडा कसा निवडावा याचे गमक असे, की शेवटची दोन आवर्तने जड जावीत, पण ढब बिघडू नये. तिन्ही फेऱ्यांत पंधरा आवर्तने सहज होऊ लागली, की नुसता आकडा वाढवत न बसता प्रकार अवघड करावा : भिंतीवरून कॉटवर, कॉटवरून जमिनीवर, किंवा सॅकमध्ये आणखी एक पुस्तक.

खुर्चीतून उठणे

पन्नास मिनिटे वाचल्यावर दोन-तीन मिनिटे उठावे. पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवली, तर ती भरायला वारंवार उठावेच लागते. उठल्यावर दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे काढावी, हनुवटी मागे खेचून पाच आकडे धरावी, आणि खिडकीतून लांबवरच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे. या वेळी मोबाइल जागेवरच राहू द्यावा, अन्यथा तीन मिनिटांची पंचवीस होतात.

जेवण, पाणी आणि पावसाळा

मेसवरच्या भरपेट जेवणानंतर दोन ते तीन तास जोरकस व्यायाम करू नये. सावकाश दहा मिनिटे चालायला मात्र हरकत नाही, उलट दुपारची पेंग त्याने कमी होते. संध्याकाळी व्यायाम असेल, तर तासभर आधी एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे पुरतात. मेसच्या ताटात भात आणि पोळी मुबलक असते आणि प्रथिने कमी पडतात, म्हणून उसळ दुसऱ्यांदा मागून घ्यावी, दही लावावे आणि खाणाऱ्याने रोज दोन अंडी घ्यावीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. डब्यातल्या महागड्या पावडरींची गरज या टप्प्यावर नसते.

जून ते सप्टेंबरमध्ये टेकडीची वाट निसरडी होते. त्या काळात चालणे इमारतीच्या जिन्यावर आणावे : चार मजले चढून-उतरून पाच फेऱ्या केल्या, की पंधरा-वीस मिनिटे सहज होतात.

नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांसाठी

नऊ तासांची नोकरी, येण्याजाण्यातले दोन तास आणि रात्रीचा अभ्यास असा दिवस असेल, तर रोजच्या व्यायामाचा आग्रह सोडून आठवड्याची बेरीज पाहावी. बस दोन थांबे आधी सोडून चालत जाणे, कार्यालयात जिना वापरणे आणि दुपारच्या डब्यानंतर दहा मिनिटे चालणे यांतून कामाच्या पाच दिवसांत सव्वाशे-दीडशे मिनिटे जमू शकतात. ताकदीच्या व्यायामाचे दोनच दिवस धरावेत : एक रविवार आणि दुसरा आठवड्याच्या मध्ये, बुधवार किंवा गुरुवार. कामाची पाळी (शिफ्ट) बदलणारी असेल, तर ‘आंघोळीआधी’ ही खूण विशेष कामाला येते, कारण पाळी कोणतीही असली तरी आंघोळ होतेच.

ज्या दिवशी खरोखर काहीच जमत नाही त्या दिवशी एकच फेरी, पाच मिनिटांची, करावी. त्या पाच मिनिटांनी शरीरात मोठा फरक पडत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करण्याचा कंटाळा येत नाही. आजारपणामुळे किंवा गावी गेल्यामुळे दोन आठवडे पूर्ण बुडाले, तर जेथे सोडले तेथून सुरू न करता निम्म्या आवर्तनांवर यावे आणि आठ-दहा दिवसांत पूर्वपदावर जावे. ताप असताना व्यायाम करू नये.

परीक्षेच्या तारखांप्रमाणे कमी-जास्त करणे

विद्यार्थ्याचे वर्ष पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि त्यांमधल्या वाट पाहण्याच्या काळात विभागलेले असते. व्यायामही त्याच मापाने चालवला तर टिकतो. परीक्षेला तीन महिने असेपर्यंत वरचा क्रम पूर्ण चालवावा आणि वाढवावा. शेवटच्या तीन आठवड्यांत ताकदीचे दिवस तीनवरून दोन करावेत, फेऱ्या तीनऐवजी दोन कराव्यात, पण चालणे अजिबात कमी करू नये, कारण याच काळात झोप बिघडते आणि चालण्याने ती बरीचशी ताळ्यावर राहते. नवा प्रकार तर मुळीच सुरू करू नये : सवय नसलेल्या व्यायामानंतरचे अंगदुखणे एक ते तीन दिवस टिकते, आणि दुखणाऱ्या खांद्याने मुख्य परीक्षेचे दीर्घोत्तरी पेपर लिहिणे कोणालाही नको असते. परीक्षेच्या आदल्या दिवशी वीस मिनिटे सावकाश चालावे, एवढेच. परीक्षेनंतरचा आठवडा पूर्ण विश्रांतीचा घेतला तरी काही बिघडत नाही; त्या आठवड्याचा महिना होऊ नये एवढी काळजी घ्यावी.

शारीरिक चाचणी असलेल्या पदांसाठी

पोलीस उपनिरीक्षक किंवा पोलीस शिपाई पदाची तयारी करणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक असते. उपनिरीक्षक पदासाठी पुरुष उमेदवारांच्या चाचणीत ८०० मीटर धावणे, पुलअप्स, लांब उडी आणि ७.२६० किलोचा गोळा असे प्रकार राहिले आहेत. निकष आणि गुण बदलत असल्यामुळे त्या-त्या वर्षाची जाहिरात मुळातून वाचावी.

अनेक उमेदवार लेखी निकाल लागेपर्यंत मैदानाकडे फिरकत नाहीत आणि मग सहा आठवड्यांत सगळे उरकू पाहतात. नडगीचे दुखणे येथेच सुरू होते. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, परंतु हाडे आणि स्नायुबंध सावकाश सरावतात, आणि डांबरी रस्त्यावर रोज जोरात धावल्यास पहिला फटका नडगीला बसतो. म्हणून लेखी परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच आठवड्यातून दोन दिवस चालण्याच्या जागी सावकाश धावणे घालावे : दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, असे वीस मिनिटे. धावण्याचा भाग दर आठवड्याला थोडा वाढवत सलग वीस मिनिटांवर न्यावा. हे साधारण आठ आठवड्यांत होते. त्यानंतरच वेगाकडे वळावे : आठवड्यातून एकच दिवस ४०० मीटरच्या चार फेऱ्या वेगाने, प्रत्येकीनंतर तीन मिनिटे चालत विश्रांती. शक्यतो मातीच्या मैदानावर धावावे. सारसबागेजवळच्या सणस मैदानावर धावमार्ग आहे, तेथील प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात.

पुलअप्ससाठी सिंगल बार लागतो आणि तो बऱ्याच बागांमधल्या खुल्या व्यायामशाळांत असतो. एकही पुलअप होत नसेल, तर उंचवट्यावरून उडी घेऊन हनुवटी बारच्या वर न्यावी आणि पाच आकडे मोजत शरीर खाली सोडावे; अशी पाच-सहा आवर्तने आठवड्यातून दोनदा केली, तर बहुतेकांना दीड-दोन महिन्यांत पहिला पुलअप जमतो. गोळ्याचा सराव जाणकारासमोरच करावा, कारण चुकीच्या फेकीत मनगट आणि खांदा दोन्ही दुखावतात. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात धावणे निम्म्यावर आणावे. नवे बूट घ्यायचे असतील तर ते निदान तीन आठवडे आधी घेऊन त्यांतूनच सराव करावा, म्हणजे ऐन मैदानावर टाचेला फोड येणार नाहीत.